सुईला विचारून

३ मार्च

ताई,

लिफाफा बघून 'कोण गेलं' असं तू आधी मनात म्हणणार, म्हणून पहिल्याच ओळीत सांगतो: सगळे आहेत. आई आहे, मी तुझा मावसभाऊ आहे. गेली ती माझी संस्कृतची तासिका.

यंदा सगळ्या वर्गांत मिळून संस्कृत घेणारी मुलं चार. त्यातला एक चुकून आला होता, त्याला चित्रकला हवी होती. मुख्याध्यापकांनी मला बोलावून, समोरच्या खुर्चीवरची फाईल उचलून मला बसायला दिलं, तेव्हाच मी ओळखलं. "सर, तुम्ही आता अतिरिक्त ठरताय," ते म्हणाले. चोवीस वर्षं मी मुलांना 'अति' हा उपसर्ग शिकवतो आहे. त्याचं उदाहरण म्हणून मलाच उभं करतील असं वाटलं नव्हतं.

वाट एकच ठेवली आहे. विज्ञानाच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर आहेत. त्यांच्या जागी नववीला मी विज्ञान शिकवायचं. १९ एप्रिलला अधिकारी येऊन माझा एक पाठ पाहणार. पसंत पडला तर मी इथेच. नाही पडला तर तीन तासांवरच्या शाळेत एक जागा रिकामी आहे. जायला तीन, यायला तीन. आईचे गुडघे आता तिला खाटेपासून दारापर्यंत नेतात, तेही भिंतीच्या सौजन्याने. हे घर सोडणार नाही, असं तिनं मी न विचारताच जाहीर केलं आहे. म्हणजे पाठ नववीचा, परीक्षा माझी आणि निकाल तिच्या खाटेचा.

पाठाचं नाव 'चुंबकत्व आणि वीज'. तीन वेळा वाचला. चुंबक म्हणजे चुंबन घेणारा, एवढंच मला नीट कळलं आणि तेवढंच वर्गात सांगता येण्यासारखं नाही. जुना शब्द अयस्कान्त, लोखंडाचा प्रियकर. तोही नववीला नको.

पुढे पुस्तक म्हणतं, विजातीय ध्रुव एकमेकांना ओढतात. चुंबकसूचीचा उत्तर ध्रुव उत्तरेकडे ओढला जातो. म्हणून पृथ्वीच्या उत्तरेला चुंबकाचा दक्षिण ध्रुव आहे. उत्तरेला दक्षिण? मी गणिताच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, "असं असतं." गणिताच्या माणसाच्या तोंडून 'असं असतं' ऐकल्यावर माणसानं कुणाकडे जावं?

म्हणून तुझ्याकडे आलो. तू नऊ वर्षं जळक्या मोटरी उघडून त्यांत तांब्याची तार भरतेस. तुला हे बोटांनी माहीत असणार. फोन केला असता, पण आपण फोनवर तिसऱ्या मिनिटाला भांडतो. पत्रात त्याला निदान आठ दिवस लागतात.

लिफाफा आई बंद करते आहे. मला गोंद नीट लावता येत नाही, असं तिचं मत आहे. कुणाला पत्र आहे हे तिनं विचारलं नाही, पत्ता मात्र दोनदा वाचला.

तुझा,
शास्त्रीबुवा (हे नाव तूच ठेवलंस, आता निस्तर)

११ मार्च

शास्त्रीबुवा,

पत्र दोनदा वाचावं लागलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्यात प्रश्न कुठे आहे तेच सापडेना.

तुझी उत्तर-दक्षिण आधी मिटवते. सुईच्या त्या टोकाचं नाव 'उत्तरेकडे जाणारं'. बोलताना लोकांनी 'जाणारं' गाळलं. स्टेशनला जाणारी बस म्हणजे स्टेशन नव्हे. एवढंच आहे. यावर विचार करत बसू नकोस.

आता चुंबक. दोन टोकं असतात. मधोमध तोडलास तर एक टोक इकडे आणि एक तिकडे मिळेल असं तुला वाटेल. मिळत नाही. दोन्ही तुकड्यांना पुन्हा दोन-दोन टोकं. आणखी तोड, तेच. एकटं टोक आजवर माझ्या हाताला लागलेलं नाही.

वीज: तारेतून प्रवाह गेला की तारेभोवती चुंबकपणा येतो. प्रवाह बंद, चुंबकपणा बंद. सुईवर तार धर, सेलला जोड, सुई हलेल. तारा उलट्या जोड, उलटी हलेल. एक तार म्हणजे एका माणसाचा आवाज. तीच तार पाचशे वेळा गुंडाळली की पाचशे जणांनी एका सुरात ओरडल्यासारखं होतं. आत लोखंड घातलं की आणखी जोर. माझा सगळा धंदा यावर चालतो. हातानं करून बघ. पुस्तक चौथ्यांदा वाचू नकोस.

इथे दोन पाणबुड्या मोटरी उघड्या पडल्यात, दोन्हीचे मालक दाराशी खुर्ची टाकून बसलेत, म्हणून थोडक्यात लिहिते.

मावशीच्या खोलीतला टेबलफॅन फिरतो का? तो मी निघायच्या आदल्या दिवशी भरला होता. त्या वेळची तार हलकी होती, म्हणून विचारते. बाकी काही नाही. तिला माझा नमस्कार सांगू नकोस. सांगितलास तर 'कोण?' म्हणेल.

ताई

१८ मार्च

ताई,

पंखा फिरतो. छान फिरतो. पहिला मुद्दा संपला.

एकट्या टोकाचं वाचून आनंद झाला. मराठीनं द्विवचन कधीच टाकून दिलं. चुंबकानं जपलं आहे हे मला माहीत नव्हतं. हा आनंद मी सोमवारी वर्गात वाटला, तेव्हा शेवटच्या बाकावरच्या डावखुऱ्या मुलीनं विचारलं, "सर, हे परीक्षेत आहे का?" आनंद तिथेच संपला.

आता तक्रारी. तुझ्या सांगण्याप्रमाणे सुई ठेवली. ती दक्षिणोत्तर स्थिरावली. मी तिच्यावर पूर्व-पश्चिम अशी तार ताणली, म्हणजे काटकोनात, देखणी. सेल जोडला. सुई ढिम्म. पाच वेळा जोडला. तार गरम झाली, माझं बोट भाजलं, सुईनं मान वर केली नाही. चाळीस मुलं बघत होती. एवढी शांतता माझ्या वर्गात शाकुंतलाच्या तासालाही कधी नव्हती.

दुसरा प्रयोग पुस्तकातला. गुंडाळीत चुंबक नेला की वीज निर्माण होते म्हणे. सामानाच्या कपाटात एक जुनी गुंडाळी आणि प्रवाह दाखवणारा मीटर सापडला. शाळा सुटल्यावर दार लावून घेतलं, गुंडाळीत चुंबक ठेवला आणि समोर बसलो. अर्धा तास बसलो. काटा शून्यावर. शेवटी वैतागून चुंबक उपसून काढला, तेव्हा टेबलाला धक्का लागून काटा जरासा थरथरला. बस. अर्ध्या तासाची कमाई एक धक्का.

मला वाटतं या विषयाला मी आवडत नाही.

तुला एक काम सांगतो, नाही म्हणू नकोस. पाठासाठी मला एक चांगली गुंडाळी करून दे, आत लोखंड असलेली, सगळ्या वर्गाला दिसेल एवढी मोठी. मी तक्ता रंगवून ठेवला आहे, त्याला जुळली पाहिजे: वरून पाहता गुंडाळी सव्य असावी, वरचं टोक उत्तर आणि लाल, खालचं दक्षिण आणि निळं. 'सव्य' हा एक शब्द पुरेसा आहे, त्यावर अधिक भाष्य नको.

उरले बत्तीस दिवस. आईनं मला काल विचारलं, "तिकडच्या शाळेच्या गावाला दवाखाना आहे का?" घर सोडणार नाही म्हणते आणि दवाखाना विचारते. ती घाबरली आहे. मीही.

शास्त्रीबुवा

२६ मार्च

शास्त्रीबुवा,

तुला कुणी काटकोनात ताणायला सांगितलं? मी लिहिलं 'सुईवर'. सुई जशी पडली आहे तशीच वर तार, दोन्ही एका रेघेत. तारेचा चुंबकपणा तारेला आडवा असतो. तू तारच आडवी ठेवलीस, मग तो आडव्याला आडवा होऊन सुईच्याच रेघेत आला. तिला वळायला जागाच ठेवली नाहीस. देखणेपणा तक्त्यावर कर. आणि सेल क्षणभरच जोडायचा, धरून ठेवायचा नाही. बोटाला खोबरेल लाव.

दुसरं वाचून मी हातातला हातोडा खाली ठेवला. अरे, तो धक्का नव्हता. तू चुंबक उपसलास तेव्हा काटा हलला, तीच वीज होती. अर्धा तास तू चुंबक नुसता ठेवून बसलास, म्हणून काही झालं नाही. चुंबक जवळ आहे याचं तारेला काही देणंघेणं नसतं. तो आत येतो किंवा बाहेर जातो तेवढाच वेळ तारेला कळतं. हालचाल थांबली की वीज थांबली. पुन्हा कर: आत, बाहेर, आत, बाहेर. काटा एकदा इकडे, एकदा तिकडे जाईल. जोरात कर, जास्त जाईल.

पंख्यातही याचंच पुढचं आहे. बाहेरच्या तारांतला चुंबकपणा जागच्या जागी गोल फिरत राहतो. त्यानं आतल्या गोळ्यात वीज उठते, गोळा स्वतःच चुंबक होतो आणि त्याच्या मागे धावतो. कधीच गाठत नाही. गाठलं तर दोघांत हालचाल उरणार नाही, मग जोरही उरणार नाही. थोडं मागे राहतो म्हणून पंखा फिरतो.

तुझी ऑर्डर वाचली. गुंडाळी करते. पार्सलनं पाठवीन. जिथे पिवळी चिठ्ठी लावली असेल तिथे सेलची अधिक बाजू जोडायची. लाल ते उत्तर, निळं ते दक्षिण. आली की जशी आहे तशी वापर. तिला काहीही करू नकोस. मी तुला ओळखते, म्हणून वेगळं लिहिते: काहीही करू नकोस.

मावशीला गरम होत असेल. पंखा दोनवर ठेव, तीनवर ठेवू नकोस.

ताई

१३ एप्रिल

ताई,

पार्सल आठ तारखेला मिळालं. गुंडाळी पाहून मुख्याध्यापक म्हणाले, "हे कुठून आणलंत?" 'माझ्या ताईनं केली' असं सांगताना माझा आवाज थोडा वर गेला, तो मी जाऊ दिला. वरून टेप, टेपवर वार्निश, दोन्ही टोकांना रंग, पिवळ्या चिठ्ठीवर तुझं ते पाय तुटलेलं अक्षर. सुंदर आहे.

तार सुईच्या रेघेत धरली की सुई आता वळते. आत-बाहेर केल्यावर काटाही हलतो. वर्गानं टाळ्या वाजवल्या. डावखुऱ्या मुलीनं तर मला बाजूला सारून चुंबक स्वतः हलवला आणि माझ्यापेक्षा जास्त वीज काढली.

पण एक घोटाळा माझ्या लक्षात आला आहे आणि तो मी तुला न दुखावता दुरुस्त केला आहे.

परवा शिक्षकांच्या खोलीत बोलता बोलता मी 'सव्य' म्हणालो. गणिताच्या सरांनी उजवा हात फिरवून दाखवला. मी म्हटलं, डावा. ते म्हणाले, उजवा. कोशापर्यंत गेलो. ताई, दोघंही बरोबर. संस्कृतात सव्य म्हणजे मुख्यतः डावं. सव्यसाची म्हणजे डाव्या हातानंही बाण सोडणारा. पण मराठीत कोण जाणे कधी तो शब्द कूस बदलून उजवा झाला. मी तुला संस्कृतातला सव्य लिहिला, तू तो मराठीतला वाचला असणार. म्हणजे मला डावीकडून हवी होती ती गुंडाळी तू उजवीकडून केलीस, आणि वरच्या टोकाला मात्र मी सांगितलं म्हणून लाल लावलंस. गुंडाळी उलटी म्हणजे टोकं उलटी. वरचं टोक खरं तर दक्षिण.

चूक माझ्या शब्दाची, म्हणून दुरुस्तीही मीच केली. रंग आणून वरचं टोक निळं केलं आणि खालचं लाल. तक्त्यावरही बाण बदलले. जोडून पाहिलं असतं, पण मोठे सेल कपाटात, कपाटाची किल्ली प्रयोगशाळेच्या सहायकाकडे आणि सहायक १८ पर्यंत रजेवर. तरी शंका नाही. व्युत्पत्ती स्पष्ट आहे.

हे पत्र मी आईच्या खाटेशी बसून, एका हातानं तिला वर्तमानपत्रानं वारा घालत लिहितो आहे, म्हणून ओळी वाकड्या. पंखा अर्थात फिरतो.

सहा दिवस. या वेळी मला खरंच आशा वाटते आहे.

शास्त्रीबुवा

१९ एप्रिल

शास्त्रीबुवा,

तुझं पत्र आज सकाळी अकराला मिळालं. उभ्यानं वाचलं. ग्राहकासमोर मी जे बोलले ते पत्रात लिहिता येत नाही.

रंग परत बदल. आत्ता. हे तुला तीन-चार दिवसांनी मिळणार हे मला माहीत आहे, तरी लिहिते, कारण लिहिलं नाही तर मला काम सुचणार नाही.

अरे, सव्य म्हणजे काय ते मला आजपर्यंत ठाऊक नव्हतं. मी उजवीकडून गुंडाळली की डावीकडून ते मला आठवतही नाही. हात जसा गेला तशी गुंडाळली. मग सेल जोडला, सुई जवळ नेली. सुईचं उत्तर टोक ज्या टोकानं ढकललं ते उत्तर. त्याला लाल लावलं आणि ते वर ठेवलं. तुझ्या शब्दावर विसंबून मी रंग लावला असं तुला वाटलं कसं? मी सुईला विचारून लावला.

शाळेत फोन केला. कारकून म्हणाला, "सर वर्गात आहेत, साहेब बसलेत." निरोप देता का म्हटलं, तर म्हणाला, "पाठ चालू असताना आत जायची परवानगी नाही." मी म्हटलं, "फक्त 'रंग उलटे आहेत' एवढं सांगा." तो म्हणाला, "कुठला रंग, बाई? भिंतीचं काम पुढच्या महिन्यात आहे."

मग सुचेना म्हणून घरी लावला. मावशीनं उचलला. "हॅलो" म्हणाली. मी ठेवून दिला.

आणि पंखा फिरतो तर वर्तमानपत्र कशाला?

ताई

१९ एप्रिल

ताई,

संपलं. सविस्तर लिहितो, म्हणजे पुन्हा आठवावं लागणार नाही.

अधिकारी वेळेवर आले. बारीक, इस्त्रीचे, खिशाला दोन पेनं. शेवटच्या बाकावर डावखुऱ्या मुलीच्या शेजारी बसले. मी सुरुवात उत्तम केली. सजातीय ध्रुव दूर सारतात, विजातीय ओढतात, हे मुलांकडून दोनदा म्हणून घेतलं. तुझी गुंडाळी टेबलावर ठेवली, पिवळ्या चिठ्ठीला सेल जोडला आणि म्हणालो, "हे लाल टोक म्हणजे उत्तर ध्रुव. सुईचं उत्तर टोक याच्यापासून काय करील?"

चाळीस मुलं म्हणाली, "पळेल."

ताई, ते पळालं नाही. गर्रकन वळून लाल टोकाला येऊन चिकटलं. वर्गात कुणी हसलंही नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

मी सेल काढला, पुन्हा जोडला. पुन्हा चिकटलं. अधिकारी उठून आले. गुंडाळी उजव्या हातात उचलून त्यांनी सगळीकडून पाहिली, खाली ठेवली आणि म्हणाले, "सर, उजव्या हाताच्या अंगठ्याचा नियम सांगा." आणि दाखवायला स्वतःचा अंगठा वर केला. तो लालभडक होता. मी स्वस्तातला रंग आणला होता, सहा दिवसांत वाळला नव्हता. तो नियम मला येतो. त्या अंगठ्याकडे बघताना एक अक्षर आठवलं नाही.

तेव्हा ती डावखुरी मुलगी उभी राहिली. "सर, सुईला कुणी रंग नाही लावला ना आत्ता?"

मी म्हटलं, "नाही."

"मग सुई खरी. गुंडाळीचा रंग खोटा."

अधिकाऱ्यांनी तिला विचारलं, "मग आता काय करशील?"

"रंग राहू दे. तारा उलट्या जोडते. साध्या चुंबकाचं टोक बदलता येत नाही, याचं येतं." तिनं डाव्या हातानं तारा बदलल्या. सुई पळाली.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. मी सव्य शब्दाचा इतिहास सांगितला. चार मिनिटं. अधिकारी हातरुमालानं अंगठा पुसत घड्याळाकडे बघत होते. सव्यसाचीपर्यंत पोचलो तेव्हा तास संपला.

शेरा असा: 'प्रयोग चुकला. विद्यार्थिनीने दुरुस्त केला. ५ मे रोजी पाठ पुन्हा पाहावा.' नापास नाही, पास नाही. लोंबकळत. मला तर ते तीन तासांवरचं गावही बरं वाटू लागलं आहे. तिथे निदान मला कुणी ओळखत नाही.

तुझी गुंडाळी अशी कशी निघाली हे मला अजून कळत नाही. तू सव्य हा शब्द संस्कृतातला म्हणून वाचलास का? तसं असेल तर ताई, मी तुला कमी लेखलं, क्षमा कर.

घरी आलो तर आई म्हणते, कुणीतरी फोन करून न बोलता ठेवून देतं. चुकीचा नंबर असेल म्हटलं.

पंखा फिरतो.

शास्त्रीबुवा

(याच कागदाच्या पाठीवर, पेन्सिलीने)

फोन तू ठेवलास ते कळलं. तुझा श्वास ओळखते, लहानपणी तुझ्या तापात पुष्कळ ऐकला आहे. पंखा फेब्रुवारीपासून बंद आहे. हा खोटं लिहितो. कोपऱ्यावरचा मेकॅनिक दोनदा आला, मी हात लावू दिला नाही. आतली तार तुझी आहे. गरम होतं.

२७ एप्रिल

शास्त्रीबुवा,

कागदाच्या दोन्ही बाजू वाचल्या. दुसरी तुला माहीत नसेल. लिफाफा कोण बंद करतं हे लक्षात ठेवत जा.

'ऑफिसातली खुर्ची सोडून जळक्या तारा गुंडाळायला वाढवलं का तुला' असं मी घर सोडताना मावशी म्हणाली होती. 'वाढवायला मी सांगितलं नव्हतं' असं मी म्हणाले होते. नऊ वर्षं मला तिचं वाक्य पाठ होतं. माझं कालच आठवलं.

एकोणीस तारखेचं माझं पत्र तुला मिळालं असेल, तेव्हा सव्याची चर्चा बंद.

दोन मोटरी शनिवारपर्यंत द्यायच्या आहेत. रविवारी येते. तार, टेप, वार्निश घेऊन. तोवर गुंडाळीच्या रंगाला हात लावू नकोस, पंखा उघडू नकोस आणि मला पत्र लिहू नकोस. पाच तारखेला काय बोलायचं ते समोर बसून ठरवू. तू शब्द लिहितोस, मी दुसरंच काही करते, तू ते तिसरंच समजतोस. या वेळी बोटानं दाखव.

ताई

७ मे

ताई,

तू काल सकाळच्या गाडीनं गेलीस आणि आज मी पत्र लिहितो आहे. न लिहिण्याची आज्ञा रविवारपर्यंतच होती, तारीख बघ.

पाठाचा शेरा आज हाती आला. तू पढवलंस तसंच केलं: आधी वर्गासमोर सुई नेली, सुईनं सांगितलं, मग मुलांनी रंग लावला. मी 'हे' आणि 'ते' याखेरीज फारसं बोललो नाही. अधिकाऱ्यांनी या वेळी दोन्ही हात पाठीशी बांधून ठेवले होते. शेरा उतरवून देतो: 'प्रयोग उत्तम. शिक्षक याच शाळेत कायम. भाषा अवघड.'

ताई, मी त्या तासाला एकूण अकरा वाक्यं बोललो. डावखुऱ्या मुलीनं मोजली आहेत. त्यातलं अवघड कुठलं हे मला कुणी सांगेल का? मुख्याध्यापकांना विचारलं तर म्हणाले, "राहिलात ना? मग सोडा." सोडतो. पण हे मला मरेपर्यंत टोचत राहणार.

आईला शेरा वाचून दाखवला. 'कायम' या शब्दाशी तिनं मान हलवली, 'अवघड' या शब्दाशी जरा जास्तच हलवली. तिकडच्या दवाखान्याचं पुन्हा काढलं नाही.

तू पंखा उघडलास तेव्हा नऊ वर्षांनी ती तुझ्याशी पहिलं वाक्य बोलली ते "स्क्रू हरवू नकोस" हे होतं, आणि तू "वाटी द्या एक, त्यात ठेवते" म्हणालीस. मी दाराशी उभा होतो. एवढ्या वर्षांत या घरात एवढी सोपी भाषा मी ऐकली नव्हती. पुढे तीन दिवस तुम्ही दोघी वळसे मोजत बसलात आणि मी मध्ये काही बोललो की दोघी एकदम म्हणायचात, "गप, मोजणी चुकेल."

पंखा फिरतो. हे वाक्य मी तुला आजवर तीनदा लिहिलं आहे, त्यामुळे त्याची पत गेली आहे, हे मला मान्य आहे. म्हणून हा कागद बंद करायच्या आधी मी स्वतःच आईकडे दिला, पेन्सिलीसकट. खरं-खोटं तिनंच लिहावं.

शास्त्रीबुवा

(पाठीवर, पेन्सिलीने)

फिरतो. दोनवरच ठेवलाय.

मावशी